काचेत लावू का?

आमच्या घरात ह्यांचं नाव पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं ते फ्रिजनं.

"प्रताप चौगुले यांनी परवानगी नाकारली आहे," तो म्हणाला, आणि मी हातातली दुधाची पिशवी तशीच धरून उभी राहिले. सासूबाई ह्यांना 'बाळ' म्हणायच्या, गिऱ्हाईकं 'भाऊ' म्हणायची. मी लग्नातला उखाणा सोडला तर जन्मभर 'अहो'वर भागवलं.

हे टेबलाशी चहा पीत बसले होते. त्यांनी मान वर केली.

"कोण हे चौगुले?"

"तुम्हीच."

"असं होय," ते म्हणाले आणि बशीत चहा ओतू लागले.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी पिशवी फोडली आणि दूध तापत ठेवलं.

हे परवानगीचं प्रकरण कसं वाढत गेलं ते आजच्या पोरांना सांगून पटत नाही. मी साठीच्या पुढं गेले होते तेव्हाची गोष्ट. संगणकावर कुठलंही पान उघडलं की खालून एक पट्टी वर यायची. आम्ही कुकीज वापरतो, स्वीकारा. बातमी वाचायची तर स्वीकारा, पंचांग बघायचं तर स्वीकारा. मी रोहिणीला, आमच्या मुलीला, विचारलं की ही कुकी म्हणजे आहे तरी काय. ती पुण्यात संगणकातच काम करायची. तिनं मला कळेल अशा भाषेत सांगितलं.

गडहिंग्लजच्या बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ होता. हे फोटो काढायचे, मी गल्ल्यावर बसायची. गिऱ्हाईक आलं की मी पाकिटावर त्याचं नाव, गाव, किती कॉप्या, असं लिहून ठेवायची. पुढच्या वेळी माणूस दारात दिसला की पाकीट तयार. कुकी तेच करते, रोहिणी म्हणाली. फरक इतकाच की ही चिठ्ठी दुकानात न राहता गिऱ्हाइकाच्या खिशात जाते, आणि एखाद्या जाहिरातवाल्याची माणसं शंभर दुकानांत बसलेली असली, तर तो प्रत्येक दुकानात ती चिठ्ठी तुमच्या खिशातून काढून वाचतो. तुम्ही सकाळी औषध कुठलं घेतलं आणि दुपारी साडी कुठली बघितली, सगळं एका जागी जमतं.

"मग नको म्हणायचं," मी म्हणाले.

"नको म्हणायचं बटण ते लपवून ठेवतात, आई."

म्हणून तिनं 'उंबरा' बसवून दिला. ब्राउझरला जोडायचा लहानसा तुकडा, एक्स्टेन्शन म्हणतात त्याला. पट्टी वर आली की तिच्या पोटातलं नकाराचं बटण हुडकून तो आपणच दाबायचा. माग काढणाऱ्यांच्या पत्त्यांची एक यादी त्याच्याजवळ असायची, त्यातल्या कुणाला आतच येऊ द्यायचा नाही. ज्याचं उत्तर त्याला ठाऊक नसेल तेवढंच आपल्याला विचारायचा, आणि आपण काय म्हणालो ते ध्यानात ठेवायचा. कोपऱ्यात एक तपकिरी रेघ असायची. कुणाला अडवलं की ती क्षणभर तांबडी व्हायची. बघायला बरं वाटायचं.

पुढं कायदा आला की जे जे यंत्र ऐकतं किंवा बघतं, त्यानं आधी विचारलंच पाहिजे. चांगला कायदा होता. पण मग लिफ्ट विचारू लागली, पंखा विचारू लागला, बँकेचं दार विचारू लागलं. एसटीच्या तिकिटासाठी बाया-माणसं रांगेत उभ्यानं परवानग्या देत बसली. लोक वैतागले, उंबरा फोनमध्ये गेला, फोनमधून घरात आला. तोवर तो बराच हुशार झाला होता. वर्षानुवर्षांच्या उत्तरांवरून तो माणसाचा कल ओळखायचा आणि विचारायच्या आधीच त्याच्या वतीनं बोलायचा. शेवटी कायद्यानंही ते मानलं. एखाद्याची स्मृती गेली, तर भानावर असताना त्यानं शिकवून ठेवलेला उंबरा जे बोलेल तेच त्याचं म्हणणं धरायचं. घरच्यांनी त्याच्या नावावर वाटेल ते दाबायचं नाही.

हे मला पटलं होतं. ह्यांची स्मृती जायच्या आधीची गोष्ट.

ह्यांनाही पटलं असतं. स्टुडिओच्या दर्शनी बाजूला आमची काचेची पेटी होती. नव्या नवऱ्या, बारशाची बाळं, फेट्यातले पैलवान, चांगला आलेला फोटो हे त्या काचेत लावायचे. गावातला प्रत्येक माणूस जाता-येता तिथं थांबायचा. पण विचारल्याशिवाय एकही फोटो काचेत गेला नाही. 'काचेत लावू का?' असं ते गिऱ्हाइकाला तोंडानं विचारायचे. त्याच्याही आधी ते गल्ल्याकडं बघायचे, माझ्याकडं. कुठल्या मुलीचं कुठं जुळत आलंय, कोण घरातून न सांगता आलंय, कुणाच्या दारात वसुलीवाले बसलेत, हे मला ठाऊक असायचं. मी बहुतेक वेळा मान आडवी हलवायची. मग ते विचारायचेच नाहीत. त्यामुळं आमची काच शेजारच्या स्टुडिओपेक्षा नेहमीच रिकामी दिसायची.

कोल्हापूरच्या डॉक्टर तबस्सुम मुल्ला यांनी 'सोबत' दाखवली तेव्हा रोहिणी पुण्याहून आली होती. चष्म्याच्या दांडीला बसणारं तांदळाएवढं भिंग, आणि कानात एक मणी. भिंग चेहरा बघतं, जुन्या फोटोंशी आणि आवाजांशी ताडून पाहतं आणि मणी कानात सांगतो की ही तुमची मुलगी रोहिणी, परवा तुम्ही तिच्याशी पावसाबद्दल बोललात.

"मेंदूतली आठवण सगळीच पुसली जाते असं नाही, काकू," डॉक्टर म्हणाल्या. "पुष्कळदा तिथं जायची वाट मोडते. सोबत बाहेरून वाट दाखवते. रोज दाखवली की कधीकधी जुनी वाटही जराशी उघडते."

चाचणीपुरते रोहिणीच्या फोनमधले फोटो घातले. ती ह्यांच्या समोर जाऊन बसली. ह्यांनी मान किंचित तिरकी केली, शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकावं तशी. मग म्हणाले, "रोहिणी. केव्हा आलीस?"

रोहिणी तोंडावर पदर असल्यासारखी ओढणी धरून बाहेर गेली. मी तिथंच होते. माझ्या मनात एकच गोष्ट आली, हे आधी ऐकतात आणि मग बघतात. फोटोग्राफर माणूस. जन्मभर आधी बघितलं, मग बोलले.

पण खरी सोबत चालायची तर चार फोटोंनी भागत नव्हतं. घरातला सगळा संग्रह हवा. त्यात स्टुडिओच्या साऱ्या निगेटिव्हही आल्या, रोहिणीनं एका उन्हाळ्यात बसून स्कॅन केलेल्या, घरातल्याच संगणकाच्या साठवणीच्या डब्यात ठेवलेल्या. सोबत बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं असं की ह्यांची आठवण चेहऱ्यांवर चालते, तर ते सगळे चेहरे लागणार. ते कंपनीकडं जाणार, तिथंच राहणार, आणि तिथून कंपनीच्या बाकीच्या यंत्रांनाही ते शिकवायला वापरणार. निवडून देण्याची सोय नाही.

कंपनीनं मागणी पाठवली. उंबऱ्याची रेघ तांबडी झाली. 'प्रताप चौगुले यांनी परवानगी नाकारली आहे.' दुसऱ्यांदा पाठवली. पुन्हा तेच. मग कंपनीनं घरातल्या दुसऱ्या वाटांनी विचारून पाहिलं, आणि त्यातच एका सकाळी फ्रिज बोलला.

"बाबांनी पंधरा वर्षांपूर्वी कुठल्यातरी जाहिरातीला नाही म्हटलं, त्याचं उत्तर मला आता मिळतंय," रोहिणी म्हणाली. "मला पाहुणी म्हणून पाणी आणून देतात, आई. 'तुमचं गाव कुठलं' विचारतात. तुला काहीच होत नाही का?"

काहीच होत नव्हतं, हे खरं होतं. ते मी तिला सांगितलं नाही.

डॉक्टरांनी एक वाट काढली. माणसानं साक्षीदारासमोर स्वतःचा अंगठा लावला आणि तोंडानं होकार दिला, तर उंबऱ्याचा कल बाजूला ठेवता येतो. आम्ही तिघं पुन्हा कोल्हापूरला गेलो.

ओळख पटवायच्या यंत्राच्या पाटीवर ह्यांचा अंगठा ठेवला. 'ओळख पटत नाही.' पुसून ठेवला. 'ओळख पटत नाही.' डाव्या हाताचा ठेवला.

"नाही लागायचा," मी म्हणाले. फोटो धुवायच्या डेव्हलपर आणि हायपो या रसायनांनी ह्यांच्या बोटांचे ठसे कधीच खाऊन टाकले होते. रेशन दुकानातल्या यंत्राला हे माणूस म्हणून कधी पटलेच नाहीत.

"ठीक आहे, आधी साक्षीदाराचा घेऊ. काकू, तुमचा ठेवा."

मी ठेवला. हिरवा दिवा लागला.

"नमस्कार, प्रताप चौगुले," यंत्र म्हणालं.

डॉक्टरांनी यंत्राकडं वाकून बघितलं. हे मात्र हसले. "बघा, तुमचं नाव सांगितलं त्यानं," मला म्हणाले.

"अगं बाई," रोहिणी म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "मीच सांगितलं होतं तुला. बसवताना. बाबांचा लागत नाही, तूच लाव म्हणून."

तसंच झालं होतं. घरोघरी तसंच होतं. फोन ह्यांच्या नावावर, अंगठा माझा. पट्टी वर आली की हे म्हणायचे, 'तूच दाब गं,' आणि मी दाबायची. एवढी वर्षं मी दाबत आले, आणि उंबरा बसल्या जागी प्रताप चौगुले नावाचा माणूस शिकत राहिला. तो माणूस मी होते. ज्या नकारावर ही पोर रागावली होती, तो माझा.

डॉक्टरांनी खुर्ची मागं सरकवली. "म्हणजे ह्यांचा कल असा कुठं नोंदलेलाच नाही. मला हे वर कळवावं लागेल. ते मान्य झालं की उंबरा गप्प बसेल आणि ठरवायचं तुमच्याकडं येईल, काकू. पत्नी म्हणून, तुमच्याच अंगठ्यानं."

"मग झालं तर," रोहिणी म्हणाली. "आई, तू हो म्हणणारेस."

"विचार करून कळवते," मी म्हणाले.

"अजून कळवायचं काय आहे त्यात?" ती म्हणाली, आणि मग हळूच, "हे बघ, नाही म्हटलंस तर कंपनी पुन्हा विचारत नाही. ही शेवटची वेळ आहे. पुढच्या वर्षी बाबांना यंत्राचाही उपयोग राहणार नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय. ते तुला ओळखतील, आई. 'अगं कुमुद' म्हणतील."

डॉक्टरांनी नाही म्हटलं नाही.

मंजुरी आठवड्याभरात आली, तिच्याबरोबर अंगठा घ्यायची पाटीही. रोहिणी पुण्याला परत गेली होती, रोज फोन करून विचारत होती. मी उद्या म्हणायची.

त्यातच एका दुपारी हौसाक्का आली. बाजारात भाजीची पाटी घेऊन बसायची ती, आता नातू बसवतो. माझ्याएवढीच म्हातारी. वांगी घेऊन आली होती, ह्यांना बघायला म्हणून.

हे तिला म्हणाले, "या, बसा. फोटो काढायचाय?"

"नगं भाऊ. काढला हुता एकदा," ती म्हणाली.

मला तो दिवस आठवतो. तिच्या नवऱ्यानं तिला मारलेली होती, चेहरा ओळखू येत नव्हता. पोलिसांत द्यायला फोटो हवा म्हणून तिचा भाऊ तिला घेऊन आला. ह्यांनी दिवे मंद केले आणि समोरून, दोन्ही बाजूंनी फोटो घेतले. दुसऱ्या दिवशी ती एकटी आली. फोटो नको म्हणाली, तक्रारही द्यायची नाही म्हणाली, कुणाला दाखवू नका. ह्यांनी छापले नाहीत. पण निगेटिव्ह फाडायची नाही हा ह्यांचा नियम होता, उद्या बाई म्हणाली की हवाय, तर? ती कधी म्हणाली नाही. नवरा मेला, पोरं मोठी झाली, आणि ती निगेटिव्ह पाकिटात राहिली. रोहिणीनं ती इतर हजारोंबरोबर स्कॅन केली असणार, न बघता.

जिन्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा हौसाक्कानं विचारलं, "वळकत न्हाईत न्हवं आता कुणाला?"

"नाही."

"वाईट झालं बाई," ती म्हणाली. एक पायरी उतरली, थांबली. "पर खरं सांगू का वैनी, रागवू नगा. माझं तसलं त्वांड आठवणारं येक मानूस तर कमी झालं."

मग ती हसली, तिला दातही नव्हते, आणि हळूहळू जिना उतरून गेली.

मी वांगी निवडली. ह्यांना भरली वांगी आवडतात, ते अजून विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांना खाली स्टुडिओत नेलं. बंदच असतो तो, पण पूर्वेकडच्या खिडकीतून चांगलं ऊन येतं म्हणून आम्ही कधीमधी जाऊन बसतो. गल्ल्याचं लाकडी टेबल तिथंच आहे, भिंतीला लावलेलं. मधोमध गिऱ्हाइकाची खुर्ची. मी त्या खुर्चीत बसले, पाटी मांडीवर घेतली. हे समोर स्टुलावर.

पाटीवर दोनच चौकोन होते. उंबऱ्याची रेघ तपकिरी, गप्प.

"अहो," मी म्हणाले, "एका कंपनीला आपले सगळे फोटो पाहिजेत."

"कुणाचे?"

"गावातल्या माणसांचे. तुम्ही काढलेले. ते दिले तर तुम्हाला सगळं आठवायला लागेल. मीसुद्धा."

हे विचार करू लागले. खरंच विचार करत होते की ऊन बघत होते, मला सांगता येणार नाही. बाहेर कुणीतरी शटर वर केलं, त्याचा आवाज आला आणि गेला.

"विचारलंय का त्यांना?" ते म्हणाले.

"कुणाला?"

"ज्यांचे फोटो आहेत त्यांना."

"नाही."

"मग?" ते म्हणाले. एवढंच. गिऱ्हाईक भलत्या वेळी भाव करू लागलं की करायचे तसा चेहरा करून.

मी अंगठा ठेवला. रेघ तांबडी झाली. आवाज उंबऱ्याचाच होता, पण आता तो नुसता निरोप्या होता. "प्रताप चौगुले यांच्या वतीने परवानगी नाकारण्यात आली आहे. ही मागणी कायमची बंद होत आहे."

"कोण हे चौगुले?" ह्यांनी विचारलं.

"आहेत एक. इथलेच."

"शहाणा माणूस दिसतोय."

"हो," मी म्हणाले.

संध्याकाळी रोहिणीचा फोन येणार होता. तिला काय सांगायचं ते मी ठरवलं नव्हतं. मी पाटी खाली ठेवली आणि तशीच बसून राहिले. आत कुठंतरी काही हलेल असं वाटत होतं. हललं नाही. हातावर ऊन होतं, ते तेवढं कळत होतं.

"बाई," हे म्हणाले, "जरा खिडकीकडं तोंड करा."

मी केलं.

"हनुवटी खाली. हां. असंच." ते उठले, वाकून माझ्याकडं बघत राहिले. कॅमेरा नव्हता हातात. बोटांची चौकट केली होती, त्या गुळगुळीत बोटांची. कुणी कानात काही सांगत नव्हतं. नुसते बघत होते, बराच वेळ. एवढ्या वर्षांत ह्यांनी माझा फोटो काचेत लावायचा विषय कधी काढला नव्हता. मी गल्ल्यावर बसणारी. मला कोण विचारणार?

"चांगला येईल," ते म्हणाले. "काचेत लावू का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण ते माझ्याकडं बघतच नव्हते. सवयीनं ते माझ्या खांद्यावरून मागं, भिंतीशी, गल्ल्याकडं बघत होते. तिथं कुणी नव्हतं. तरी ते थांबले, भुवया वर करून, मान हलायची वाट बघत.

मी खुर्चीतून उठले. गुडघा धरून चार पावलं गेले, गल्ल्यामागं जाऊन माझ्या जागी उभी राहिले. त्यांनी बघितलं. मी मान हलवली, उभी.

ह्यांचा चेहरा मोकळा झाला. ते वळले आणि उन्हातल्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "लावतो हं बाई."